तेविसावी खुंटी

ऋतुजा: आबा, जरा उठा. घोंगडीखाली काय हाय ते दाखवा.

धुळाजी: घोंगडीखाली भुई हाय.

ऋतुजा: भुईला लाल टोक नसतं. ते बघा, तुमच्या गुडघ्यापाशी बाहेर आलंय. लाल रंग मी सोता दिलाय.

धुळाजी: दिसलं ना? मंग इचारतीस कशाला?

अनिल: बघ ऋतुजा! मी कालपासून सांगतोय. तू म्हनत होतीस, शाळेतल्या पोरांनी खेळायला नेल्या आसतील. पोरं दोन नेतील, चार नेतील. गायरानावरच्या तेवीसच्या तेवीस खुंट्या कोन नेतंय? धुळाबा, दोन दिस उन्हात राबलोय आमी त्या ठोकायला.

धुळाजी: म्या बी एक दिस राबलोय, उपटायला. लई खोल ठोकल्या होत्या. काम चांगलं करता तुमी.

ऋतुजा: हसू नका, आबा. मला खरंच राग आलाय. गावाच्या भल्याचं काम हाय हे.

धुळाजी: भल्याचं काम सांगायला कोन आलतं माह्याकडं? तुमी दोघं तीन लाकडं बांधलेलं तिकाटनं घेऊन माळावर फिरत होता, मी हितनं बघत होतो. मधी दोरीला दगूड लोंबतोय. एक जन धरतंय, दुसरं खुंटी ठोकतंय. मंग फक्कीची पांढरी रेघ. साठ मेंढरं घेऊन मी समोर हुबा, आन् एकानं तरी हाळी दिली का, की धुळाजी, आमी हे असं असं करतोय?

अनिल: तुमी बघत होता तर तुमीच इचारायचं.

धुळाजी: मी कावून इचारू बे? गायरानावर पयला पाय कोनाचा? माझा का तुझा?

ऋतुजा: आबा, त्याला ए-फ्रेम म्हनतात. दोरीचा दगड मधल्या खुनेवर आला की दोन्ही पाय एका पातळीत. तिथं खुंटी. अशा खुंट्या जोडत गेलं की समतल रेघ होती. त्या रेघेनं चर खांदायचा. पानी खाली पळत न्हाई, जिथल्या तिथं मुरतं. मंग गवत येतं. कुसळ न्हाई, चांगलं पवन्या गवत. तुमच्याच मेंढरांना.

धुळाजी: आन् पांढरी रेघ?

ऋतुजा: चर कुठून खांदायचा ते कळायला.

धुळाजी: पांढरी रेघ मला नको शिकवू, पोरी. माह्या सासुरवाडीच्या माळावर बी अशीच पोरं आलती. शिकलेली, गोड बोलनारी. आधी खुंट्या. मंग फक्की. मंग तार. आता तारंच्या आत पवनचक्क्यांचे पंखे फिरत्यात, आन् माहा मेव्हना मेंढरं घेऊन हायवेच्या कडंनं चारतो. गेल्या सालाला ट्रकानं सात उडवली. एका दणक्यात सात. त्यानं अजून हाय खाल्लेली हाय.

अनिल: ते वेगळं होतं. ती कंपनी होती. आमी गावचीच हाव ना.

धुळाजी: तिथं बी खुंट्या ठोकायला गावचीच होती.

ऋतुजा: म्हंजे तुमाला वाटतंय, आमी गायरान इकतोय?

धुळाजी: तुमी इकता असं म्या म्हनलं न्हाई. तुमच्या हातनं कोन इकतंय का, ते बघतोय. खुंट्या उपटल्या म्हून तर आज वर आलात. न्हाईतर कागूद घेऊन खाली घरोघर गेलतात. माह्या पालावर कोन आलतं?

अनिल: तुमचंच राहिलं होतं, म्हून तर आलो. गायरान वापरनारी एकेचाळीस घरं हायत. चाळीस झाली. तुमचा तेवढा अंगठा पायजे. ऋतुजा, काढ शाईची डबी. पाचला सरांची गाडी मांजरसुंब्याला येनार हाय. त्यांना कागद दिला की आपलं काम झालं.

धुळाजी: कोन सर?

ऋतुजा: भागवत सर. बीडला तीन महिने शिकवलं त्यांनी आमाला. माती तपासायची, उतार मोजायचा, फोनवर नकाशा काढायचा. एक पैसा घेतला न्हाई. आता चर खांदायचं काम गावातल्याच पोरापोरींना मिळनार हाय, आन् आमी दोघं देखरेखीला. आबा, घरी माझ्या लग्नाचं चाललंय. हे काम मिळालं तरच थांबनार हाय ते. तुमाला हे सांगायची गरज न्हवती, पन सांगते.

धुळाजी: सांगितलंस ते बरं केलंस. वाच आता.

ऋतुजा: काय?

धुळाजी: कागूद वाच. मला लिवता-वाचता येत न्हाई, पन ऐकू येतंय.

ऋतुजा: सगळा? बरं. एक, कडूबाई. माझी आजी, तुमाला म्हाईत हाय. अंगठा. दोन, सुंदरराव. सही. तीन, चंद्रभागाबाई, अंगठा. चार, परमेश्वर. पाच...

धुळाजी: मानसं मी वळखतो. मानसांच्या वर काय लिवलंय, ते वाच.

ऋतुजा: वर?

धुळाजी: वर. पयल्या लंबरच्या वर.

ऋतुजा: वर... काही न्हाई. जागा सोडलीय.

धुळाजी: किती?

ऋतुजा: आसंल चार बोटं.

धुळाजी: चार बोटात काय काय बसतंय?

अनिल: आओ धुळाबा, मथळा टाकायचा असतो तिथं. कॉम्प्युटरवर. सर टाकनार हायत. हजेरीचा कागद हाय तो, प्रशिक्षनाचा. कोरा दिसतोय म्हनून लगेच शंका! तुमच्यासारख्यांमुळंच गाव मागं राहतंय.

धुळाजी: राहू दे मागं. म्या नवं मेंढरू आनलं की काय करतो, म्हाईत हाय का?

अनिल: आता मेंढरू कुठून आलं मधी?

धुळाजी: पयलं पाठीवर गेरूची खूण करतो. पानी नंतर पाजतो, आधी खूण. बिनखुनेचं मेंढरू कळपात सोडलं, तर ज्याच्या हातात गेरू त्याचं ते. तुमी चाळीस मानसं बिनखुनेची करून आनली. आता गेरू कोनाच्या हातात हाय?

ऋतुजा: सर तसे न्हाईत, आबा.

धुळाजी: नसतील. म्या वाईट कुठं म्हनलं? म्या इचारलं, वर काय लिवलंय. त्याचं उत्तर तुमी दोघं शिकलेले असून देईनात.

अनिल: ऋतुजा, चल. चाळीस तर चाळीस. एक कमी सांगू सरांना. मी पुन्यात बारा-बारा तास मशीनपुढं हुबा राहून आलोय. परत आलो ते ह्या कामाच्या भरवशावर. मला ह्या म्हाताऱ्याच्या संशयापायी परत जायचं न्हाई.

धुळाजी: थांब बे, शहादेवच्या लेका. एकच इचारतो, मंग जा. ओढ्याच्या पल्याडचा तुकडा तुझ्या आज्यानं फोडला. गायरानातच हाय ना तो?

अनिल: हाय. पन्नास वर्सं झाली. आज्यानं दगड येचून रान केलं ते.

धुळाजी: सातबारा कोनाचा?

अनिल: नावावर न्हाई अजून. केस चालू हाय. सगळ्या गावाला म्हाईत हाय.

धुळाजी: आन् तुझ्या बापाची सही कितव्या लंबरला हाय?

ऋतुजा: अनिल?

धुळाजी: इचारलं मी.

अनिल: सात.

धुळाजी: काय सांगून घेतलीस?

अनिल: म्हनलं... हजेरी हाय. दादा कापसात होते. चष्मा घरी. म्हनले, वाचून दाव जरा. मी म्हनलं, दादा, मी सांगतोय ना, करा.

धुळाजी: आन् केली.

अनिल: केली.

ऋतुजा: मी बी आजीला तेच म्हनले. तिनं तर इचारलं बी न्हाई. चुलीपुढनं हात पुसत आली, अंगठा पुढं केला आन् म्हनली, कुठं लावू? पयल्या नंबरला घेतला मी. मला वाटलं, आजीचा पयला असला की बाकीची मागं येतील. आन् आले सगळे.

धुळाजी: आता घाबरू नगंस. इचार त्या सराला. फोन हाय ना हातात?

ऋतुजा: इथं रेंज न्हाई.

धुळाजी: त्या मोठ्या खडकावर चढ. माहा नातू तिथंच बसून त्याच्या कामाचं बोलतो. आन् मोठ्यानं लाव, मला ऐकू येईल असं.

(खडकावर. फोन स्पीकरवर.)

भागवत सर: हं, बोल ऋतुजा. झालं का? मी बीडमधून निघतोच आहे. पाचला मांजरसुंबा, नेहमीच्या ढाब्यासमोर. उशीर नको, अजून तीन गावांचे कागद घ्यायचेत.

ऋतुजा: सर, एक राहिलंय. ते इचारतायत, कागदावर वरती काय लिहिलंय?

भागवत सर: वरती तुम्ही काही लिहायचं नाही. ते मी इथं टाकतो.

ऋतुजा: हो सर, पण काय टाकणार?

भागवत सर: नेहमीचंच गं. सहमतीचा मजकूर.

ऋतुजा: सहमती? तुम्ही हजेरी म्हणाला होता.

भागवत सर: हजेरी म्हण, सहमती म्हण, कागद एकच असतो. गावाची हरकत नाही एवढंच.

ऋतुजा: कशाला हरकत नाही, सर?

भागवत सर: अगं, वरच्या ऑफिसकडून मजकूर यायचा आहे अजून. आला की छापायचा. सगळ्या गावांत आपण असंच करतो. सह्या आधी तयार ठेवल्या की धावपळ होत नाही.

अनिल: सर, अनिल बोलतोय. म्हंजे काय छापनार ते तुमाला बी म्हाईत न्हाई?

भागवत सर: अरे, चांगलंच असेल ना! आपण काय वाईट काम करतोय का? तुम्हीच नकाशा काढलात, तुम्हीच उतार मोजलात.

अनिल: नकाशात ओढ्यापल्याडचे तुकडे बी हायत, सर. आमचा बी हाय. तो गायरान म्हनूनच दाखवलाय मी. तुमी म्हनला होता, सगळं गायरान एका रंगात दाखव.

भागवत सर: ते नंतर बघू. मी गाडीत बसतोय.

ऋतुजा: सर, मजकूर आम्ही लिहिला तर? इथं, सगळ्यांना वाचून दाखवून?

भागवत सर: तसं नसतं, ऋतुजा. ठरलेला नमुना लागतो. काय चाललंय तुमचं? माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?

ऋतुजा: सर, तुम्हीच शिकवलं होतं, ए-फ्रेमचा दगड हलायचा थांबल्याशिवाय खुंटी ठोकायची नाही. कितीही घाई असली तरी.

भागवत सर: बरं, मग?

ऋतुजा: दगड अजून हलतोय, सर.

भागवत सर: हे बघ. माझ्याही डोक्यावर माणसं आहेत. पाचला कागद आला नाही तर तुमचं गाव यादीतून जाईल. मग काम नाही आणि तुम्हा दोघांची सर्टिफिकेटंही अडकतील. मला वाईट वाटेल, पण माझ्या हातात नाही. विचार करा. ठेवतो.

अनिल: ठिवला.

धुळाजी: मानूस वाईट न्हाई वाटला मला.

अनिल: आँ? आता तुमी त्यांची बाजू घेता?

धुळाजी: वाईट न्हाई, घाईतला हाय. वाईट मानसावर मी नजर ठिवतो. घाईतल्याचं मला भ्या वाटतं. त्याला सोताला बी कळत न्हाई, आपन कोनाचं काय नेतोय ते.

ऋतुजा: अनिल, पेन दे.

अनिल: काय करतीस?

ऋतुजा: वरच्या जागेत मीच लिहिते. चर खांदायला हरकत न्हाई, गायरान गावाचंच राहील. भरून टाकते जागा. मंग त्यांना काही छापताच येनार न्हाई.

धुळाजी: आन् चाळीस जनांनी हे कवा वाचलं?

ऋतुजा: चांगलंच लिहितेय ना, आबा.

धुळाजी: सर बी तेच म्हनत होता.

अनिल: खरं हाय, ऋतुजा. तेच वाक्य.

ऋतुजा: मंग फाडू? चाळीस घरं, अनिल. चार दिस फिरलोय आपन.

अनिल: फाड. दादांची सही हाय त्यात. मला ती परत पायजे. चष्मा लावून केलेली पायजे.

ऋतुजा: हे घ्या. फाडला.

धुळाजी: तुकडे खाली टाकू नगंस. मेंढरं खात्यात. दे हिकडं, मी चिलमीला लावतो.

अनिल: आता नव्या कागदावर लिही. दुसऱ्या गावाचं न्हाई म्हाईत, आपल्या गावचं तरी आपन लिहू. पयलं, गायरान गावाचंच राहील, कोनाला भाड्यानं बी द्यायचं न्हाई.

धुळाजी: लिव. आन् चराईबंदी सगळ्या माळावर न्हाई. तिसरा हिस्सा बंद, दोन हिस्से चालू. पयल्या सालाला उगवतीचा, मंग मधला, मंग मावळतीचा. समदं एकदम बंद केलं तर मी साठ मेंढरं कुठं नेऊ? हायवेला?

ऋतुजा: सरांनी तीन वर्सं सगळंच बंद करायचं शिकवलं होतं.

धुळाजी: सराकडं मेंढरं न्हाईत.

अनिल: तिसरा हिस्सा बरोबर हाय, ऋतुजा. तेवढी राखन आपन पोरं करू शकतो. सगळ्या माळाची न्हाई व्हायची. आन् आता माझं लिही. ओढ्यापल्याडच्या ज्यांच्या पेरी हायत, त्या तशाच राहतील.

धुळाजी: आरं थांब! तशाच म्हंजे कशा? तुझ्या बापाचा बांध दरसालाला हातभर पुढं येतोय. मला काय दिसत न्हाई का?

अनिल: आन् तुमच्या मेंढरांनी आमचा हरभरा दोनदा खाल्ला, ते दिसलं का?

धुळाजी: एकदा खाल्ला. दुसऱ्या बारीला कोनाची तरी गुरं होती.

ऋतुजा: गप बसा दोघं! मी लिहिते ते ऐका. ज्यांची पेर आज जितकी हाय तितकीच राहील, पुढं सरकनार न्हाई, आन् मेंढरं पेरीत जानार न्हाईत. चालतंय?

अनिल: आज जितकी, ती मोजनार कोन?

ऋतुजा: आपनच. मोजायला तर शिकलोय तीन महिने. उद्या तुझे दादा आन् आबा, दोघांना संगं घेऊन मोजू. नकाशात तो तुकडा वेगळ्या रंगात दाखव तू.

धुळाजी: शहादेव येईल का माह्यासंगं?

अनिल: येतील. कुरकुर करतील, पन येतील. बघत राहतील तुमच्याकडं, बाकी काय.

धुळाजी: बघू दे. म्या बी बघत राहीन. दोघं बघत असलो की खुंटी सरळ ठोकली जाती. आता पुन्ना वाच. समदं. सावकाश.

ऋतुजा: गायरान गावाचंच राहील, कोनाला भाड्यानं देनार न्हाई. माळाचा तिसरा हिस्साच एका सालाला बंद, बाकी चराईला चालू. आज जितकी पेर तितकीच, मेंढरं पेरीत जानार न्हाईत. ह्या अटींवर समतल चर खांदायला आमची हरकत न्हाई. झालं.

धुळाजी: आता शाई दे. हितं न्हाई, वर सरक. शेवटच्या ओळीला टेकून लावतो. मधी दोऱ्याइतकी बी जागा नगं.

ऋतुजा: लागला. पयला नंबर तुमचा, आबा.

अनिल: साडेतीन वाजले. आता चाळीस घरं कसली व्हत्यात? गाडी जानार आपल्याशिवाय.

ऋतुजा: जाऊ दे. मी मांजरसुंब्याला जाते आन् सरांना हाच कागद दाखवते, एका अंगठ्याचा. घेतला तर घेतला. न्हाई घेतला तर आपल्याकडं ए-फ्रेम हाय, फावडी हायत. आजीला आधी वाचून दाखवते, मंग जाते.

अनिल: आन् तुझ्या लग्नाचं?

ऋतुजा: त्याची मला बी धडधड होतीय. पन आजीकडं बघताच येनार न्हाई, त्यापरीस धडधड बरी.

धुळाजी: घ्या तुमच्या खुंट्या. घोंगडी उचल, अनिल. कालच्या भोकातच पुन्ना बसतील, भोकं बुजवली न्हाईत म्या.

अनिल: भोकं ठिवली होती?

धुळाजी: काम खोटं न्हवतं तुमचं. म्या बघितलं होतं ना हितनं, दगूड थांबूस्तोवर थांबत होता तुमी.

अनिल: एकोनीस, वीस, एकवीस, बावीस. ऋतुजा, एक कमी हाय.

ऋतुजा: आबा, तेविसावी?

धुळाजी: ती ऱ्हाऊ दे माह्यापाशी.

अनिल: कावून? अंगठा तर दिलात आता!

धुळाजी: दिला. पन तिच्याबिगर तुमचा शेवटचा चर पुरा व्हायचा न्हाई. म्हून तीच ठिवली. पयल्या हिश्श्यात गवत दिसू द्या, मंग मी सोता आनून ठोकीन.

अनिल: म्हंजे अजून इश्वास न्हाई.

ऋतुजा: राहू दे, अनिल. ठेवा, आबा. माझ्या आजीनं काहीच ठेवून घेतलं न्हवतं.